म्हातारी बोलायच्या आत

यवतमाळ
४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

केतकी,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर. पत्र लिहितो आहे कारण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. आईशी रोज बोलतेस. आई म्हणते, "बाबांना देऊ का?" की लगेच तुझ्या नोकरीच्या गावची, झरीची, रेंज जाते. पाच मिनिटं खणखणीत असलेली रेंज! पत्राला रेंज लागत नाही, म्हणून हे.

सोमवारी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. घरात बावीस माणसं. तू आठ महिन्यांनी घरी आलीस आणि माझ्याशी चार वाक्यं बोललीस, त्यातलं एक "कढी वाढू का" हे होतं. मला तेवढंही पुष्कळ होतं. मग तू खोलीत गेलीस, टीव्ही लावलास, गेम सुरू केलास, आणि पाव तासात खांद्यावर बॅग घेऊन बाहेर. सगळ्यांच्या देखत.

"काय केलं हे, बाबा?"

काय केलं? टाळेबंदीत हा गेम घरात कोणी आणला? मी नुकताच भूमी अभिलेखातून निवृत्त झालो होतो, घरात येरझाऱ्या घालत होतो. तूच कंट्रोलर हातात दिलास. "बाबा, यात आपण दोघांनी एका राज्यात फिरायचं. तुम्ही ढालवाले, मी तिरंदाज. जे भेटेल त्याच्याशी बोलायचं, जमेल त्याच्याशी लढायचं." माझ्या ढालवाल्याचं नाव तू मोजणीदार ठेवलंस आणि तुझ्या तिरंदाजाचं वाघाटी. सुट्टीत तू नागपूरहून घरी आलीस की आपण खेळायचो. त्या दलदलीतल्या म्हातारीने आपल्याला नऊ वेळा मारलं. नऊ वेळा! मोजणीदार चिखलात पालथा आणि वाघाटी बाभळीला लटकलेली, हे पाहून तू इतकी हसायचीस की आई पोळ्या टाकून बघायला यायची.

आता तू झरीला. आल्यावर तुला त्रास नको म्हणून सात महिने मी एकट्याने राबलो. वाघाटी सातव्या पातळीवर होती, तिला साठाव्या पातळीवर नेली, मोजणीदारालाही. त्याच्यावर पातळीच नाही. गेममधलं सगळ्यात भारी धनुष्य तिच्या पाठीवर आहे. मला वाटलं, पोरगी बघेल आणि खूष होईल.

आणि तू विचारलंस काय? "म्हातारी कुठे आहे?"

"मेली," मी म्हणालो. "तुझ्याच बाणाने. एका बाणात."

"ती काय बोलली?"

"काही नाही. बोलायच्या आत मेली."

त्यावर तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं मी खरोखरच एखादी म्हातारी मारून आलो. "तुम्ही खेळलात कुठे, बाबा? तुम्ही नुसते वाढलात." एवढं म्हणून चारच्या गाडीने गेलीस. पाहुण्यांना मी काय सांगायचं होतं? की दलदलीत एक बाई वारली, म्हणून मुलगी निघून गेली?

माझं काय चुकलं ते मला कळेल असं, मुद्देसूद लिही.

बाबा

ता. क. आशीर्वाद आहेतच.


यवतमाळ
१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

केतकी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मुद्देसूद मागितलं होतं, तू चार ओळी पाठवल्यास. "बाबा, म्हातारीकडे मोठी गोष्ट होती. तिचा अर्धा जीव गेल्यावर ती लढणं थांबवते आणि बोलते, असं मी ऐकलं होतं. त्यासाठी मी दोन वर्षं थांबले होते. झरीच्या ऑर्डरच्या वेळी तुम्ही हेच केलंत."

गेम आणि नोकरी एका ताटात वाढू नकोस. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑर्डरचं काय झालं ते मीच लिहितो, म्हणजे आई मला रोज ऐकवते त्यातून सुटका होईल. जानेवारीत तुला पशुधन विकास अधिकारी म्हणून पहिली नेमणूक मिळाली, झरीची. मी नोकरीत असताना झरीच्या जंगलातून मोजणीची साखळी ओढत फिरलो आहे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गावं तुटतात. माणसाला डॉक्टर मिळायची मारामार, तिथे जनावरांची डॉक्टर, सव्वीस वर्षांची, एकटी, स्कूटीवर. माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत. मी एक फोन केला. दहा दिवसांत तुझी ऑर्डर बदलून यवतमाळची झाली. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. हे मला ठाऊक होतं, हेही लिहून टाकतो.

पुढचं तू केलंस. कार्यालयातल्या बाबूने तुझं अभिनंदन केलं, "बाबांनी छान सेटिंग लावली", आणि तू तिथेच अर्ज लिहून दिलास की मला माझी झरी परत द्या. लोक झरीतून सुटायला अर्ज करतात. आमची कन्या झरीत जायला करते!

बरं, गेमचं. माझ्या राबण्याला तू ग्राइंडिंग म्हणतेस, म्हणजे दळण. मी मेहनत म्हणतो. तुझ्या माहितीसाठी सांगतो, नदीच्या उतारावर सात रानडुकरं असतात. ती मारायची, पुलापलीकडे जायचं, परत यायचं, की सातही पुन्हा उभी. रोज नाश्ता झाला की मी बसायचो आणि जेवायला हाक येईपर्यंत डुकरं मारायचो. फेब्रुवारी ते ऑगस्ट. तुझी आई एकदा दारात उभी राहून बघत होती.

"काय करून राहिले हो तुम्ही?"

"केतकीला मजबूत करतो आहे."

"त्या डुकरांनी काय बिघडवलं तिचं?"

तिला काय सांगणार! माणसाने तयारी करून जावं की नाही? मोजणीला जाताना मी कधी साखळी विसरलो नाही, नकाशा विसरलो नाही. जो तयारीने जातो त्याची फजिती होत नाही. नऊ वेळा मरण्यात कसली मजा? मरताना आपण हसत होतो, हे मान्य. पण ते मरणंच होतं.

बाबा


यवतमाळ
२९ सप्टेंबर २०२५, सोमवार

केतकी,

तुझं उत्तर नाही. आई म्हणते तू लसीकरणात आहेस. देवीचे मंडप लागलेत, चौकाचौकात गर्दी आहे, आई रोज एक देवी बघून येते. मी घरीच.

एक गोष्ट कबूल करायची आहे. कबूल केली म्हणजे तुझं सगळं बरोबर, असा अर्थ काढू नकोस.

ही पातळी साठ फार कंटाळवाणी आहे. मी किल्ल्यात शिरतो तेव्हा दरोडेखोर शस्त्रं टाकून पळतात. ज्या गुहेत तू मला "बाबा, पाय न वाजवता चला" म्हणून दबकत नेलं होतंस, तिथून मी परवा भाजी आणायला निघाल्यासारखा चालत गेलो. शेवटच्या शत्रूचं, काळ्या राजाचं भाषण सुरू झालं, "हे मर्त्य मानवा", आणि माझी तलवार त्याला जरा लागली. संपला. शेवटची अक्षरं वर सरकली, वाजंत्री वाजली. पाच वर्षांचा खेळ तो! मी सोफ्यावर बसून होतो आणि मला काहीही वाटलं नाही. राजा काय सांगणार होता, तेवढं मात्र डोक्यात राहिलं. आईला हाक मारून दाखवावं, तर दाखवायला काय होतं?

मग मी आईपुढे चिडचिड केली. म्हणालो, सात महिने घातले आणि हाती काय आलं. ती म्हणाली, "मला द्या बरं ते. नवीन लावा." मी म्हटलं, अगं, तुला बटणं कळणार नाहीत. म्हणाली, "तुम्हाला कुठे जन्मतः कळत होती?"

तर आता नवीन राज्य लावलं आहे. मोजणीदार पहिल्या पातळीवर, आणि तुझी आई. तिने स्वतःचं नाव रत्नप्रभा असंच ठेवलं. आणि केतकी, ती मला वेड लावणार आहे! ती लढतच नाही. दिसेल त्याच्याशी बोलते. मेंढपाळ भेटला, त्याला चारही प्रश्न विचारले, उत्तरं मोठ्याने वाचली, मग पाचवा प्रश्न नाही म्हणून हळहळली. मी म्हणतो, अगं, पुढे लांडगे आहेत, आधी जरा उतारावर डुकरं मारून बळ वाढवू. ती म्हणते, "थांबा, या बाईचा नवरा हरवला आहे." तीन तासांत आम्ही पाच वेळा मेलो. चार वेळा तिच्यामुळे. पाचव्यांदा माझ्यामुळे, कारण ती विहिरीत का डोकावते ते बघायला मीही वाकलो.

तो मेंढपाळ मी पाच वर्षांत शंभर वेळा पाहिला असेल. त्याचा भाऊ काळ्या राजाच्या फौजेत आहे, हे मला माहीतच नव्हतं. तुला माहीत होतं का?

त्या दिवशी दुपारी जेवायला उशीर झाला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाबा


यवतमाळ
१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

केतकी,

दसऱ्याचं सोनं आईने तुझ्या नावाने देवापुढे ठेवलं आहे.

बुधवारी मी पांढरकवड्याला गेलो होतो. जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचा साखरपुडा होता. जेवण बरं होतं. संध्याकाळी परत आलो. उन्हाने डोकं दुखतं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

सोयाबीनच्या गंज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लागल्या आहेत. प्रकृतीला जप. हात नीट धूत जा.

बाबा


यवतमाळ
२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

केतकी,

दिवाळीला तू आली नाहीस. आईला सांगितलंस की रजा नाही. मला माहीत आहे की रजा होती. पण मी कोण बोलणार? मागच्या पत्रात मीच खोटं लिहिलं. पांढरकवड्याला कोणाचाही साखरपुडा नव्हता. पांढरकवड्याला मी फक्त गाडी बदलली.

आठ तारखेला मी झरीला आलो होतो. आईलाही सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. तिने माझ्याशी बोलणं बंद केलं आहे, म्हणजे घरात आता दोन्ही बाजूंनी शांतता. तेव्हा तुलाही सांगून टाकतो.

तुझ्याशी समोरासमोर भांडायचं, एवढंच ठरवून निघालो होतो. साडेअकराला दवाखान्यापाशी उतरलो. आवारात गर्दी होती. पिकअप गाडीतून गाय उतरवलेली, पाय ताणून आडवी पडलेली. मी समोरच्या चहाच्या टपरीत मागच्या बाकावर बसलो. टपरीवाला म्हणाला, "गाय अडली हाये. रातपासून. वासराची मुंडी मांगं वयली." म्हणजे पोटातच मान मागे वळलेली.

तू गुडघ्यांवर बसलेली होतीस. खांद्यापर्यंत हात आत. तुझा तो परिचर, सेवादास म्हणत होते त्याला सगळे, साबणाचं पाणी ओतत होता. आणि गाईची मालकीण रुखमाबाई डोक्यावर उभी राहून बोलत होती. तिचा प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता.

"मॅडम, तुमच्यानं होत नसन त सांगा. मी वणीले नेतो. एकच गाय हाये मले."

"वणीपर्यंत टिकणार नाही ती, मावशी. मला करू द्या."

"पह्यले किती केल्या अशा?"

तू खरं सांगितलंस. "माझ्या एकटीच्या हाताने ही दुसरी."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पोरगी काय करन? मोठा डॉक्टर बलावा." तुझी मान वर झाली नाही. पण तुझा चेहरा मी ओळखतो. दहावीच्या गणिताच्या पेपरला असाच होता.

आता ऐक. माझ्या खिशात त्याच साहेबांचा नंबर होता. त्यांच्या एका शब्दावर वणीहून अनुभवी डॉक्टर तासाभरात आला असता. टपरीवाला म्हणाला, रेंज पाण्याच्या टाकीपाशी येते. मी टाकीपाशी गेलो. नंबर लावला. पलीकडे घंटी वाजली, एक, दोन, तीन. तिथून आवार दिसत होतं. तू सेवादासला काहीतरी सांगितलंस, त्याने दोरीचा फास करून तुझ्या हाती दिला, आणि तो घेऊन तुझा हात पुन्हा आत गेला. तुझे डोळे मिटलेले होते. बोटांनी बघत होतीस तू. पंचवीस वर्षं मी माणसं काम करताना पाहिली आहेत. आपण काय करतो आहोत ते माहीत असलेला माणूस मला दुरून कळतो.

मी फोन कापला.

साहेबांचा लगेच उलटा फोन आला. "बोला अनंतराव, काय काम काढलं?"

"काही नाही साहेब. दसऱ्याचं सोनं द्यायचं राहिलं होतं."

"आज आठ तारीख आहे हो!"

"हो साहेब. उशीरच झाला."

मग मी टपरीत परत येऊन बसलो. अर्धा चहा बशीत सांडला. एक वाजता तू आणि सेवादासने दोरी ओढली आणि वासरू बाहेर आलं. मेलेलं. तू त्याच्या नाकातोंडात बोटं घातलीस, गवताची काडी घातलीस, छाती चोळलीस. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी सेवादासने तुझा हात धरला.

तू पायरीवर जाऊन बसलीस, बादलीत हात घालून. खांदे हलत होते. आपल्यात वीस पावलांचा रस्ता होता फक्त. मी उठलो होतो, केतकी. बाकावरून उठून उभा होतो.

तेवढ्यात गाय उठली. सलाईन चालूच होतं, सेवादास ओरडला, आणि ती आधी गुडघ्यांवर, मग चारी पायांवर. रुखमाबाई गाईपाशी गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग सरळ माझ्याच टपरीत आली. माझ्या पुढ्यात उभी राहून तिने चहा मागितला. म्हणाली, "साखर जास्त टाक, पोरीच्या अंगात जीव नाही राह्यला." तो ग्लास पदरात धरून ती पायरीपाशी गेली.

"घे माय. च्या घे. वासरू गेलं त गेलं. माही गाय राखली तू."

दीड तासापूर्वी तू मॅडम होतीस. तिने तुला माय म्हटलं. ओल्या हातांनी तू तो ग्लास घेतलास.

मी दोनच्या गाडीने निघालो. पांढरकवड्यापर्यंत उभ्याने आलो, बसायला जागा होती तरी.

तेव्हापासून मला एकच गोष्ट छळते आहे आणि त्यावर चिडायला कोणी सापडत नाही. मी तो फोन पुरा केला असता, मोठा डॉक्टर आला असता, तर वासरू वाचलं असतं का? फोन केला असता तर ती चहा घेऊन तुझ्याकडे आली नसती, हे मला दिसतं. पण एका वासराच्या जिवावर मी शहाणा झालो असेन तर हा कसला शहाणपणा? तू डॉक्टर आहेस. खरं काय ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

आणि ऑर्डरचं. मी तो फोन करायला नको होता. तू जिंकशील की हरशील हे बघायचा धीर माझ्यात नव्हता, म्हणून तुला उतरूच दिलं नाही. गणिताचा पेपर, हॉस्टेलची खोली, ऑर्डर, म्हातारी: दर वेळी तुझ्या आधी मीच मध्ये पडलो. मुद्देसूद मी मागितलं होतं. हे मुद्दे.

बाबा


झरी
६ नोव्हेंबर २०२५

बाबा,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा संताप आला. मला न सांगता येऊन, टपरीत लपून बसून माझी परीक्षा बघणारे तुम्ही कोण? सेवादासभाऊ आता मला सांगतात की एक पांढऱ्या शर्टाचे काका तीन चहा पिऊन गेले, त्यांना वाटलं तपासणीला कोणी अधिकारी आला. दवाखान्यात माझ्यामागे दोन दिवस त्याचीच चर्चा होती.

वासराचं खरं ते सांगते. गाय पिकअपमधून उतरवली तेव्हाच ते मेलेलं होतं. पहिल्यांदा हात घातला तेव्हाच मला कळलं होतं. मी त्याच्या पुढच्या पायाच्या खुरांत चिमटा घेतला होता, ते हललं नाही. वणीचा नाही, नागपूरचा डॉक्टर आला असता तरी तेच झालं असतं. माहीत असूनही मी दहा मिनिटं छाती का चोळली, ते मला सांगता येत नाही. तुम्ही स्वतःला बोल लावू नका त्यासाठी.

गाय माझ्यामुळे वाचली. हे मी इथे कोणाला म्हटलेलं नाही. तुम्हाला लिहिते आहे.

आता माझं एक. ते मी कुणालाच, आईलाही सांगितलेलं नाही. हात आत असताना, मुंडी सापडत नव्हती तेव्हा, हाताला मुंग्या येऊन बोटं माझी राहिली नव्हती, आणि त्या मावशी वणी वणी म्हणत होत्या. तेव्हा माझ्या मनात आलं, आत्ता इथे बाबा असते तर त्यांनी कोणाला तरी फोन लावला असता. आणि मला तुमचा इतका राग आला, इतका, की त्या रागात मी हात आणखी चार बोटं पुढे घातला आणि मला वासराचा कान लागला. नंतर पायरीवर बसले होते तेव्हा कळलं की राग कशाचा होता. मला तो फोन हवा होता, बाबा.

शनिवारी सकाळी येते, रविवारी परत जाईन. स्टँडवर घ्यायला येऊ नका. मी ऑटो करून येईन.

केतकी